एलुनेड प्रॉसरची एकुलती एक तळटीप

एलुनेड प्रॉसरने सव्वीस वर्षांत एकही तळटीप लिहिली नव्हती, आणि या गोष्टीचा तिला एवढा गर्व होता की कुणी तळटिपेचं नाव काढलं की ती चष्मा काढून पुसायला लागायची. हेगमधल्या त्या आंतरराष्ट्रीय कोर्टाच्या भाषांतर विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे लोक जरा अडलं की पानाच्या खाली बारीक अक्षरात 'अनुवादकाची टीप' घालून मोकळे व्हायचे. मुळात तारीख चुकलेली आहे, मुळात वाक्य अर्धवट आहे, मुळातला आकडा जुळत नाही. एलुनेड म्हणायची, "टीप घालणं म्हणजे वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या कानाशी बोलणं. आपल्याला कुणी बोलावलंय का तिथे?" नवीन आलेल्यांना हे फार खडूस वाटायचं, आणि ती खडूस होतीच.

तिचं काम फ्रेंचमधून इंग्रजीत. कागद यायचे लांबून, नदीकाठच्या जळालेल्या गावांतून, जिथे लोक घरात आपली भाषा बोलतात आणि सरकारदरबारी फ्रेंच चालते. जबानी घेणारे तिथे जायचे, दुभाष्याला मधे घेऊन बाईमाणसांना विचारायचे आणि फ्रेंचमध्ये लिहून आणायचे. साक्षीदारांना नावं नसत, नंबर असत. गावांच्या नावांवर काळी पट्टी असे. मग तो कागद एलुनेडच्या टेबलावर येई, कारण खटला ऐकणारे न्यायाधीश इंग्रजीत वाचत. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ कागद शेजारी ठेवून ते ओळ न् ओळ तपासायचं, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात दोघांनी आपापली आद्याक्षरं घालायची. नाव घालायचं नाही. ज्याच्या जबानीचं भाषांतर आपण केलं त्याच्या साक्षीला जाऊन बसायचं नाही. मूळ गढूळ असेल तर भाषांतरही गढूळच ठेवायचं, गाळून द्यायचं नाही.

हे शेवटचं एलुनेडला कुणी शिकवावं लागलं नाही. ती वेल्समधल्या एका खाणीच्या गावची. घरांच्या छपरांना लागणाऱ्या काळ्या दगडाची खाण. ती नऊ वर्षांची असताना तिचा बाप दरड कोसळून गेला. चौकशी झाली ती सगळी इंग्रजीत, आणि घरात वेल्श बोलणाऱ्या तिच्या आईचं इंग्रजी वाण्याच्या दुकानापुरतं. परत येताना बसमध्ये आईने विचारलं, "काय म्हणाले गं ते डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले होते की माणूस दगडाखाली दोन तास जिवंत असणार. एलुनेड खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणाले, बाबांना काही कळलंच नाही." आईने ते वाक्य पदरात बांधून ठेवलं. पुढची एकतीस वर्षं ती शेजारपाजारच्या बायकांना ते सांगत राहिली, आणि शेवटच्या दुखण्यात म्हणाली, "तुझ्या बाबांसारखं मलाही कळू नये म्हणजे झालं." एलुनेड तिचा हात धरून बसली होती. तेव्हाही तिने खरं सांगितलं नाही.

तर तिचं पहिलं भाषांतर खोटं होतं. त्यानंतर तिने आपल्या पदरचं अक्षर घालायचं नाही असं ठरवलं आणि तेवढ्यावर एक अख्खं आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. समुद्राच्या बाजूला, शिडीसारख्या उभ्या जिन्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहिली. सायकलवरून कामाला जायची, वाऱ्याला शिव्या द्यायची, दुपारी चीज घातलेले पावाचे दोन तुकडे खाऊन वर पेलाभर ताक प्यायची. इथल्या प्रत्येक घरात असतं तसं वाढदिवसांचं कॅलेंडर तिच्याही संडासाच्या दारामागे टांगलेलं होतं. त्यावर जेमतेम अकरा नावं होती, आणि त्यातलं एक नाव, मार्गरीत, अडीच वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं होतं. ते कॅलेंडर काही दरवर्षी बदलत नाहीत, त्यामुळे नाव तसंच राहिलं होतं.

मार्गरीत ही लॅकलन म्युअरची बायको. लॅकलन स्कॉटलंडचा, जिभेने तिखट, पोटाने गोल. अठरा वर्षं एलुनेडचे कागद तोच तपासत होता. दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून. सकाळी तो आला की म्हणायचा, "काय म्हातारे, आज कुणाचा स्वल्पविराम खाल्लास?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "तुझा. बेचव होता." एवढ्यावर दिवस सुरू व्हायचा. तो वर्षावर्षाच्या करारावर होता, एलुनेड कायम नोकरीत. जानेवारीच्या शेवटी ती निवृत्त होणार होती, आणि निरोपाचा केक कुठल्या दुकानातून आणायचा यावर विभागात आतापासूनच दोन तट पडले होते.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तिच्या नावावर तीन पानांचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, कुणा मिशनच्या सिस्टरने. सांगणारी होती साक्षीदार एकेचाळीस. गावं जाळल्याच्या खटल्याचा निकाल जूनमध्ये लागला होता. आरोपी कमांडर बाकीच्या दोन गावांसाठी दोषी ठरला, एकेचाळीसच्या गावासाठी सुटला. आता अपील चालू होतं, आणि अपिलाआधी गावकऱ्यांना काय म्हणायचं असेल ते न्यायाधीशांनी मागवलं होतं. शुक्रवारपर्यंत भाषांतर हवं होतं.

एलुनेडने पेन्सिल कानाला लावून वाचायला घेतलं. पत्रात लिहिलं होतं:

"साहेब लोकांनो, मी सिस्टरकडून लिहवून घेते आहे, कारण मागच्या वेळी लिहिणारे तुमचे होते. तो माणूस आमच्या गावात आला तेव्हा तीन दिवस माझ्या दारात बसून माझ्या हातची मासळी खाऊन गेला. मीठ कमी आहे म्हणाला होता. चौथ्या दिवशी पहाटे धुकं होतं, म्हणून बाकीच्यांनी त्याचा नुसता आवाज ऐकला. माझं छप्पर पेटलं होतं, त्या उजेडात मी त्याचा चेहरा बघितला. माझे दोन मुलगे त्याच्या पायाशी होते. मी तुमच्या माणसाला चेहरा सांगितला. टीव्हीच्या पडद्यावर दिसणाऱ्या वकिलाला चेहरा सांगितला. तो वकील म्हणाला, बाई, आधी तर तू आवाज म्हणालीस. मी आवाज कधी म्हणाले नाही. निकाल लागला तेव्हा आमच्याकडे रेडिओवर सांगितलं की एक बाई दोन तोंडांनी बोलली. आता पाण्याला गेले की बायका गप्प होतात. माझ्या कागदावर आवाज कुणी लिहिला, ते मला सांगा."

एलुनेडने पेन्सिल खाली ठेवली. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की जबानी घेणाऱ्याने चूक केली असणार. तिकडच्या लोकांची घाई तिला ठाऊक होती. खात्री करावी म्हणून तिने अडीच वर्षांपूर्वीची एकेचाळीसची मूळ फ्रेंच जबानी काढली. चौतिसाव्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं: मी त्याला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

मग तिने इंग्रजी काढलं. तिथे लिहिलं होतं: मी त्याला त्याच्या आवाजावरून ओळखलं. आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ए. प्रॉ., त्याखाली लॅ. म्यु.

असं कसं झालं हे कळायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण हे फक्त त्यांच्याच धंद्यात होऊ शकतं. त्यांच्या संगणकावरचा प्रोग्रॅम पूर्वी केलेलं प्रत्येक वाक्य लक्षात ठेवतो. तसंच वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर आपणहून समोर मांडतो, शंभरातलं किती जुळलं तो आकडा दाखवतो, आणि जो शब्द वेगळा असेल तो पिवळा करतो. बघायचं, पिवळं तेवढं बदलायचं, बटण दाबायचं, पुढे जायचं. त्या मार्च महिन्यात एकाच नदीकाठच्या त्रेसष्ट जबान्या आल्या होत्या. विचारणारे तेच, प्रश्न तेच, म्हणून वाक्यंही बरीचशी तीच. अडतीस नंबरच्या साक्षीदाराने आवाज ओळखला होता. एकेचाळीसच्या वेळी प्रोग्रॅमने अडतीसचं वाक्य पुढे केलं, एक शब्द पिवळा करून दाखवला, आणि एलुनेडने बटण दाबलं.

तिला तो क्षण आठवेना. ती डोळे मिटून आठवायला बसली. पाऊस होता का, पोट दुखत होतं का, खिडकीत कुणी आलं होतं का. काही नाही. आईला बसमध्ये खोटं सांगितलं ते तिला खिडकीच्या काचेवरच्या ओरखड्यासकट आठवत होतं, आणि इथे एका बाईचं तोंड तिने बंद केलं त्याची नावालाही आठवण नव्हती. याची तिला भयंकर लाज वाटली. त्यात आणखी एक गोष्ट होती. जूनमध्ये निकाल वाचताना सहाशे बारावा परिच्छेद तिने वाचला होता. 'साक्षीदार ४१ हिने महत्त्वाच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्याने तिच्यावर विसंबता येत नाही.' तो वाचून ती स्वतःशी म्हणाली होती, बिचारी गोंधळली असेल.

कोर्टात कुणी मूळ फ्रेंच उघडून पाहिलं नाही का, असं बाहेरचा माणूस विचारेल. मूळ कागद फायलीत होताच की. पण कमांडरचा वकील इंग्लंडचा, न्यायाधीश इंग्रजीत वाचणारे, आणि भाषांतरावर दोन-दोन सह्या. सही असलेल्या कागदाचं मूळ कोण उघडतं? तपासणाऱ्यांनी तपासलंय म्हणून सगळे निर्धास्त, आणि कुंपणानेच शेत खाल्लेलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार, म्हणून कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं दाट सूप होतं. लॅकलन दोन वाट्या घेऊन आला. एलुनेडने त्याच्यासमोर दोन्ही कागद ठेवले आणि चौतिसाव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तो वाचत राहिला. सूपवर साय धरायला लागली.

"हं," तो शेवटी म्हणाला. "आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तू ते पत्र जसंच्या तसं कर आणि दे. बाई म्हणतेय ना, मी आवाज म्हणाले नाही? तसंच लिही. न्यायाधीश काय ते बघतील."

"न्यायाधीश काय बघतील ते तुलाही माहीत आहे. म्हणतील, आता सारवासारव करतेय. आणि तिकडच्या लिहिणाऱ्यावर खापर फोडतेय म्हणतील."

"म्हणू देत. त्रेसष्ट माणसांतली एक आहे ती."

"चेहरा बघितलेली एकच आहे, लॅकलन."

लॅकलनने चमचा खाली ठेवला. "डिसेंबरात माझा करार वाढायचा आहे," तो म्हणाला. "तू जानेवारीत घरी बसून समुद्र बघणार. दुरुस्तीपत्रक निघालं तर त्यावर तुझ्याबरोबर माझीही अक्षरं छापून येतील. अठ्ठावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याला दुसरीकडे कोण घेतंय? कुत्रं विचारणार नाही."

"तू वाचलं होतंस का ते?" एलुनेडने विचारलं.

"काय?"

"ही जबानी. सही करताना."

कॅन्टीनच्या खिडकीत एक सीगल येऊन बसला आणि काचेवर चोच मारायला लागला. लॅकलन त्याच्याकडे बघत म्हणाला, "तारीख बघ ना. अकरा मार्च. मार्गरीत तेव्हा त्या शेवटच्या इस्पितळात होती. मी कागद तिकडेच न्यायचो. त्या आठवड्यात चौदा जबान्यांवर तिच्या उशाशी बसून सह्या केल्या. बाकीच्यांच्या तरी थोड्या चाळल्या. तुझ्या उघडल्यासुद्धा नाहीत. म्हटलं, एलुनेडचं काय तपासायचं."

सव्वीस वर्षं तिने जे नाव कमावलं होतं त्याच नावावर विसंबून त्याने डोळे मिटले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागवायचं कुणावर? तिने त्याची सूपची वाटी त्याच्याकडे सरकवली. "खा," ती म्हणाली. "गार झालंय."

"तू सांगणार आहेस," लॅकलन म्हणाला.

"मला माहीत नाही."

तिला खरंच माहीत नव्हतं. ती काही संत नव्हती. तो बुधवार आणि गुरुवार तिने तीन पानं केली, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की तिला काहीच करायची गरज नाही. पत्राचं भाषांतर तिने अगदी मुळाबरहुकूम केलं तर ती तिच्या नियमांना जागली असं होईल. एक अक्षर घालायचं नाही, एक गाळायचं नाही. 'माझ्या कागदावर आवाज कुणी लिहिला' हे वाक्य ती इंग्रजीत उत्तम लिहील, लॅकलन अक्षरं घालेल, आणि प्रश्न विचारणारीचा प्रश्न तसाच न्यायाधीशांपुढे जाईल. उत्तर देणं हे भाषांतरकाराचं काम नव्हे. लॅकलनची नोकरी राहील. केक येईल, कुणीतरी भाषण करेल की या बाईने सव्वीस वर्षांत एकही तळटीप लिहिली नाही, आणि सगळे टाळ्या वाजवतील.

गुरुवारी संध्याकाळी घरी जाताना समोरचा वारा एवढा होता की ती सायकलवरून उतरली आणि कालव्याच्या कडेने ढकलत निघाली. तिला आईची आठवण झाली. आईला खोटं सांगितलं ते निदान आईसाठी तरी होतं. आता गप्प बसायचं ते कुणासाठी? लॅकलनसाठी, असं ती स्वतःला सांगून बघत होती, आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं केकसाठी होतं. हे कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. पाण्याला गेल्यावर गप्प होणाऱ्या बायका तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिच्या गावातही चौकशीनंतर दुकानातल्या बायका तिच्या आईला बघून अशाच गप्प व्हायच्या.

शुक्रवारी सकाळी नऊला ती विभागप्रमुख हूकेमाबाईंच्या खोलीत गेली. हूकेमाबाई उत्तरेकडच्या, उंच, सरळ, बोलण्यात तेलपाणी अजिबात नाही. एलुनेडने त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एक भरलेलं दुरुस्तीपत्रक. दुसरं पत्राचं भाषांतर, आणि तिसऱ्या पानाखाली बारीक अक्षरात तिची आयुष्यातली पहिली टीप.

हूकेमाबाईंनी आधी पत्रक वाचलं. मग म्हणाल्या, "हे फार वाईट झालं एलुनेड."

"हो."

"पत्रक आज सगळ्या पक्षांना जाईल. पण ही टीप कशाला? तुम्ही, आणि टीप?"

"पत्रकं वर्षाला चारशे निघतात हूकेमाबाई. तारखा नि आकडे. ती कुणी उघडत नाही, तुम्हीही उघडत नाही. हे पत्र न्यायाधीश वाचतील."

हूकेमाबाईंनी चष्मा लावून टीप वाचली. 'मूळ फ्रेंच जबानीत चेहरा हाच शब्द आहे. इंग्रजीत आवाज असं लिहिण्याची चूक भाषांतर करणाऱ्याची आहे, साक्षीदाराची नाही.' त्यांनी लाल पेन उचललं.

"चूक कुणाची ते टिपेत येत नाही," त्या म्हणाल्या. "नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत."

"मग माझी आहे ते काढा. साक्षीदाराची नाही एवढं ठेवा."

"ते मत झालं. कोण खरं बोललं हे न्यायाधीश ठरवतात, आपण नाही." हूकेमाबाईंचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "मलाही बरं वाटत नाहीये. पण हे असं गेलं तर कमांडरचा वकील म्हणेल की भाषांतर विभाग साक्षीदाराची बाजू घेतो, आणि मग सगळ्याच जबान्या उकरतील. तसं झालेलं चालेल तुम्हाला?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर अडचण होती. लाल पेन फिरलं. उरलं ते असं: 'मूळ फ्रेंच जबानीत चेहरा असा शब्द आहे. पूर्वीच्या इंग्रजी भाषांतरात आवाज असा शब्द आला आहे.' आला आहे म्हणे. जसा काही तो आपला आपणच वाट काढत तिथवर आला आणि वाक्यात बसला. सव्वीस वर्षांनी एक टीप लिहिली, तर तीही अशी बिनकण्याची झाली.

"तपासायला मी दुसऱ्या कुणाला देते," हूकेमाबाई म्हणाल्या. "लॅकलनला देणं बरं दिसणार नाही."

पण एलुनेड परत आली तोवर पत्राची मूळ प्रत लॅकलनने आपल्या टेबलावर घेतलेली होती. तिने छापलेलं भाषांतर त्याच्यापुढे ठेवलं. डाव्या हाताचं बोट फ्रेंच ओळीवर, उजव्या हाताचं इंग्रजीवर, असा तो शाळेतल्या पोरासारखा ओठ हलवत वाचायला लागला. तीन पानांना त्याला दोन तास लागले. शेवटी त्याने दुसऱ्या पानावर एक स्वल्पविराम काढला, टीप दोनदा वाचली आणि कोपऱ्यात लॅ. म्यु. लिहिलं. 'म्यु' भलताच मोठा आला.

डिसेंबरात लॅकलनचा करार सहा महिन्यांसाठी वाढवला गेला, आणि त्यानंतर वाढवता येणार नाही असं पत्रात कळवलं. कारण दिलेलं नव्हतं. त्याने ते पत्र एलुनेडच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि म्हणाला, "बघ, काही तपासायचं राहिलंय का." ती म्हणाली, "मला माफ कर." तो म्हणाला, "तुला माफ करायला मी कोण? मी सही केली होती." मग तो खाली जाऊन दोघांसाठी कॉफी घेऊन आला. पण सकाळी आल्यावर 'काय म्हातारे' म्हणायचं त्याने सोडून दिलं, आणि एलुनेडला त्याचं जेवढं दुःख झालं तेवढं दुसऱ्या कशाचंच झालं नाही.

अपिलातल्या न्यायाधीशांनी टीप वाचली. त्यांनी सांगितलं की एकेचाळीसला पुन्हा ऐकायला हरकत नाही. सरकारी वकिलांनी माणसं पाठवली. ती माणसं नदी ओलांडून गेली, भेटली, परत आली, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा एका पानाचा अहवाल फ्रेंचमध्ये आला. एलुनेडचे नोकरीचे तीन दिवस उरले होते. हूकेमाबाईंनी विचारलं, "तुम्हाला नको असेल तर दुसऱ्याला देते." एलुनेड म्हणाली, "मला द्या."

पहिले दोन परिच्छेद नेहमीचे होते. कधी निघालो, कधी पोचलो, भेट कुठे झाली, काळी पट्टी. प्रोग्रॅम ती वाक्यं भराभर पुढे करत होता. एलुनेड प्रत्येक वाक्य बघून, पुन्हा मूळ बघून, मगच बटण दाबत होती. नंतरचं असं होतं:

'कोर्टातल्या कागदात चूक झाली होती व ती आता दुरुस्त केली आहे, असं साक्षीदार ४१ हिला समजावून सांगितलं. पुन्हा साक्ष देण्याची तयारी आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, मी तीनदा सांगितलं आहे, चौथ्यांदा सांगितलं तर पाचव्यांदा विचारतील, मी येणार नाही. नंतर तिने विचारलं की चूक कुणी केली. नाव सांगता येत नाही, असं आम्ही सांगितलं. त्यावर तिने विचारलं की त्या माणसालाही नंबर दिला आहे का. हे तिच्या आग्रहावरून नोंदवत आहोत.'

एकेचाळीस आली नाही म्हणजे त्या गावाचं प्रकरण संपलं. कमांडर त्या गावापुरता कायमचा सुटला. हे एलुनेडला कागद वाचतानाच समजलं. ती शेवटच्या प्रश्नापाशी आली तेव्हा प्रोग्रॅमची चौकट कोरीच राहिली. इतक्या वर्षांच्या, इतक्या हजार जबान्यांत असं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याजवळ पुढे करायला काही नव्हतं. एलुनेडने ते वाक्य स्वतः लिहिलं. चारदा लिहिलं, चारदा खोडलं आणि पाचव्यांदा पहिलं होतं तेच ठेवलं. पान छापून काढलं. मग पेन उचललं आणि पानाच्या कोपऱ्यात, जिथे दोन अक्षरं घालायची असतात तिथे, पूर्ण नाव लिहिलं. एलुनेड प्रॉसर.

लॅकलनने पान हातात घेतलं, सगळं वाचलं, आणि कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "हे नियमात बसत नाही."

"माहीत आहे."

"ती काही हा कागद बघणार नाही."

"तेही माहीत आहे."

मग तिच्या नावाखाली त्याने आपलं नाव लिहिलं, लॅकलन म्युअर, पूर्ण, आणि पान सरळ दफ्तराला जाणाऱ्या कागदांच्या टोपलीत टाकलं.

केक आला. भाषण झालं. तळटिपेचा विषय कुणी काढला नाही. पुढच्या सोमवारी सकाळी एलुनेड घरी खिडकीत बसली होती. खाली रस्त्यावर सीगलांनी कुणाची तरी कचऱ्याची पिशवी फोडली होती. फोन वाजला. हूकेमाबाई होत्या.

"त्रास देते," त्या म्हणाल्या. "दफ्तरातून तुमचा शेवटचा कागद परत आलाय. नावं चालत नाहीत म्हणतात. नुसती अक्षरं हवीत. लॅकलनने घालून दिली. तुम्हीही येऊन जाल का? पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही येणार," एलुनेड म्हणाली.

"मग मी काय कळवू त्यांना?"

"मी माझं नाव लिहून दिलंय हूकेमाबाई. नंबर द्यायचा असेल तर तुम्ही द्या."